बांधावरचा फुगा

खांबपिंपरीच्या सरपंच मंजुषाबाई होत्या, पण हार पडायचा तो धर्मराजच्या गळ्यात. मंजुषाबाई धर्मराजची बायको. सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं तेव्हा धर्मराजने दोन दिवस जेवण सोडलं, तिसऱ्या दिवशी बायकोचा अर्ज भरला, आणि ती निवडून आल्यावर तिच्या खुर्चीत जाऊन बसला तो आजतागायत उठलेला नाही. त्यामुळे पुण्याच्या एका कंपनीचा माणूस गावात येऊन म्हणाला, की आम्हाला तुमच्या जुन्या देवळांवरून गरम हवेचा फुगा उडवायचाय, सूर्य उगवताना, आणि पहिली फेरी गावच्या सरपंचांना फुकट, तेव्हा धर्मराजने जराही न अडखळता विचारलं, “किती वाजता येऊ?”

आता ही जुनी देवळं म्हणजे काय, तर गावाच्या उगवतीला माळावर पडलेला दगडांचा पसारा. बारा खांब, त्यातले सात उभे. एक कोरडी बारव. एका गढीचा अर्धा बुरूज. कुणी बांधलं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. खांबांना शेळ्या बांधायच्या, सभामंडपात पत्ते कुटायचे, धुण्याला दगड लागला तर त्यातलाच एखादा निवडून चांगला कोरीव आणायचा. खुद्द धर्मराजच्या न्हाणीत एक अप्सरा पालथी पडली होती आणि तिच्या पाठीवर अकरा वर्षं घरची कापडं आपटली जात होती. पण पुण्यामुंबईची माणसं हा पसारा बघायला पहाटे उठून येणार म्हटल्यावर धर्मराजला एका रात्रीत आपल्या इतिहासाचा अभिमान वाटायला लागला.

घोडं अडलं ते मुंजाजीपाशी. मुंजाजी धर्मराजचा चुलतभाऊ आणि गावातली विरोधी पार्टी. ग्रामसभेत फुग्याच्या परवानगीचा ठराव आला तसा तो उभा राहिला.

“धर्मा वर जानार आन आमी खालून टाळ्या वाजवायच्या व्हय? मी बसंन तरच ठराव. न्हाई तर आमच्या पार्टीचा एक बी हात वर व्हनार न्हाई.”

“बे, तुला चक्कर येती. परसाल लेकीच्या लग्नात मांडवाच्या शिडीवरून पडलतास.”

“पडलतो, पन बसंन.”

टोपलीत चालवणारा धरून चौघंच मावत होते. दोन जागा अशा भरल्या. तिसऱ्या जागेवर कंपनीला फोटोसाठी एक बाई पाहिजे होती. धर्मराज घरी आला. मंजुषाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

“फुग्यात एक बाई लागतीय. तू बस.”

“मी न्हाई बसत. खुर्चीवर तुमी, झेंड्याला तुमी, मंग हवेतच तेवढी मी कावून?”

“आगं, फोटो येनार हाय पेपरात.”

“मंग भिवरामावशीला न्या. औंदा गुडघा धरला म्हनून उसतोडीला गेली न्हाई. पोरगा-सून गेलेत, ती नातवंडं सांभाळत बसून कट्टाळलीय.”

धर्मराजला हे एकदम पसंत पडलं. भिवराबाईला ना पार्टी, ना भावकी. फोटोत कडेला उभी राहील आणि कुणाला आडवी येणार नाही. तिचं रान त्याच्या आणि मुंजाजीच्या रानाच्या मधोमध होतं, हेही त्याला ठाऊक होतं. पण वर गेल्यावर आपण कसे दिसू याच नादात तो होता. वरून काय काय दिसेल, हा विचार काही त्याच्या डोक्याला शिवला नाही.

ठरल्या दिवशी उजाडायच्या आत सगळं गाव माळाच्या पलीकडच्या शाळेमागच्या मैदानावर गोळा झालं. पौषातली थंडी, माणसं घोंगड्या-शालींत गुंडाळलेली. मैदानभर पसरलेलं कापड बघता बघता फुगत गेलं आणि शाळेच्या दुप्पट होऊन उभं राहिलं. फुगा चालवणारा रविराज म्हणून सातारकडचा तरणा गडी होता, बोलायला गोड आणि नियमाला कडक. धर्मराज गुलाबी फेटा बांधून आला होता, मुंजाजी केशरी.

“फेटे काढून ठेवा,” रविराज म्हणाला.

“कावून?” दोघंही एकदमच म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचं एकमत झालं ते हे.

“डोक्यावर जाळ असतो. शेमला उडून पेटला म्हणजे?”

फेटे उतरले. दोघांचीही टकलं अगदी एका घाटाची निघाली आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “भावकी हाय खरी.” मग मुंजाजीला शुभारंभाचा नारळ आठवला. फोडायला कडक जागा म्हणून त्याने टोपलीतली गॅसची टाकी हेरली आणि नारळ उगारला. रविराजने त्याचा हात वरच्या वर धरला. त्या थंडीत त्याला घाम फुटलेला सगळ्यांनी पाहिला. शेवटी नारळ शाळेच्या पायरीवर फुटला. फुग्यात काही झालं तर कंपनी जबाबदार नाही, अशा अर्थाच्या छापील कागदांवर तिघांच्या सह्या झाल्या. भिवराबाईनेही आपलं नाव एकेक अक्षर जुळवत लिहिलं, साडीचा काष्टा खोचला आणि दुखऱ्या गुडघ्याला एक शिवी हासडून टोपलीत चढली.

फुगा उठला कधी ते कुणाला कळलंच नाही. शाळाच आपली खाली जायला लागली. धर्मराजने हात हलवायचं ठरवलं होतं, पण त्याचे दोन्ही हात टोपलीच्या दोऱ्यांना असे चिकटले की बोटं उकलेनात. मुंजाजीने डोळे मिटले होते. भिवराबाई मात्र काठावर कोपरं टेकून, गल्लीतलं भांडण बघावं तशी निवांत खाली बघत होती.

“मावशी, भीती नाही वाटत?” रविराजने विचारलं.

“कशाची रं? उसानं भरलेल्या ट्रकावर सगळ्यात वर बसून कर्नाटकात गेलतो आमी. त्यो डायवर तर पिलेला व्हता. तू चांगला दिसतूस.”

हळूहळू उजाडलं. कोवळं ऊन माळावर आलं आणि खाली ती देवळं अशी काही उघडून दिसली की धर्मराजचे हात आपोआप सुटले. रोज ज्या पसाऱ्यातून तो म्हशी घेऊन जायचा, तो वरून पसारा नव्हताच. ओळीत खांब, त्याभोवती ओट्याच्या रेघा, आणि बारवेच्या पायऱ्या चारी अंगांनी नेमाने खाली उतरत गेलेल्या. खांबांच्या सावल्या लांबच लांब पडल्या होत्या. रविराज सांगत होता, की वरून बघितल्याशिवाय माणसांनी केलेल्या कामाचा आकार कळतच नाही. जमिनीवर उभं राहून नुसते दगड दिसतात, वरून सगळी रचना उघडी पडते.

“खरं हाय,” धर्मराज भारावून म्हणाला.

“मंग माझं रान बी दिसंल की,” भिवराबाई म्हणाली. “कुठंशी आलं रं धर्मा?”

धर्मराजने मोठ्या हौसेने मावळतीकडे नजर टाकली. आपली विहीर सापडली, विहिरीशेजारचा आपला ऊस सापडला, आणि उसाच्या अलीकडे भिवराबाईचं रान सापडलं. ते दिसलं आणि त्याची हौस तिथेच संपली.

गोष्ट अशी होती. भिवराबाईच्या रानाला चारी कोपऱ्यांवर हद्दीचे दगड होते. दगड कुणी हलवू शकत नव्हतं, कारण त्यावर सगळ्या गावाचा डोळा. पण दगड कोपऱ्याला असतात. मधला बांध मातीचा असतो. भिवराबाई दिवाळी झाली की तोडीला जायची ती गुढीपाडव्याला परत यायची. मधल्या काळात धर्मराज नांगरताना दर साली हातभर फाळ पलीकडं दाबायचा. जमिनीवर उभं राहिलं की दगडापासून दगडापर्यंत सगळं सरळ वाटायचं. वरून मात्र ते रान मधोमध आवळलेल्या डमरूसारखं दिसत होतं.

आणि डमरू एका अंगाने होत नाही. धर्मराजने हे हेरलं आणि मान वळवून मुंजाजीकडे पाहिलं. मुंजाजीचे डोळे आता टक्क उघडे होते. तो उगवतीच्या बांधाकडे बघत होता, तो बांध त्याचा स्वतःचा होता, आणि तो धर्मराजच्या बांधापेक्षाही जास्त आत शिरलेला होता. दोघांची नजरानजर झाली. पुढारी माणसं ती, एका नजरेत युती झाली.

“मावशे, रान काय रोजचंच हाय,” मुंजाजी भिवराबाईच्या आणि मावळतीच्या मध्ये येऊन उभा राहिला. “देऊळ बघ. काय त्ये खांब.”

“शेळ्या बांधतूस तू त्याला.”

“म्हनून तर ठावं हाय. लई मजबूत.”

“मावशे, ही बारव,” धर्मराज म्हणाला. “हिच्या पायऱ्या मोज बरं. मोजल्या की पुन्य लागतंय.”

“कुनी सांगितलं?”

“लिवलंय तसं.”

“कुठं?”

“पायरीवरच लिवलंय,” मुंजाजीने हातभार लावला.

रविराजचे डोळे भरून यायचे बाकी होते. तीन वर्षं तो माणसं वर नेत होता. पाच मिनिटांत ती सेल्फी काढायची आणि नाश्ता कधी ते विचारायची. इथं दोन शेतकरी माणसं एका म्हातारीला जीव तोडून वारसा समजावून देत होती. तो म्हणाला, “तुमच्यासारखी दोन माणसं गावोगावी असती तर या देवळांची ही दशा झाली नसती.”

“आमचा जीव हाय त्येंच्यात,” धर्मराज म्हणाला, आणि घरच्या न्हाणीतल्या अप्सरेची आठवण त्याने तेवढ्यापुरती बाजूला सारली.

भिवराबाई काही पायऱ्या मोजणारातली नव्हती. “ते समदं खरं. पन माझं रान कुठंय?”

आता काहीतरी दाखवणं भाग होतं. धर्मराजने लांबवर एक भलंमोठं हिरवंगार चौकोनी वावर बघितलं आणि तिकडे बोट केलं. “ते बघ. चांगलं ऐसपैस दिसतंय का न्हाई?”

भिवराबाईने डोळ्यांवर हात धरला. “तेच्यात ऊस हाय की रं.”

“हाय खरा,” मुंजाजी म्हणाला.

“जलमभर दुसऱ्याचा तोडला मी. माझ्या रानात कधी लागला?”

“वरून तसं दिसतंय, मावशे,” धर्मराज म्हणाला. “उंचीवरनं गवत बी उसावानी दिसतंय.”

भिवराबाईने हात खाली घेतला. तिने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि गुडघा चोळत टोपलीच्या तळाशी टेकली. दोघांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात रविराजने खाली वाकून एका टाकीची चावी बंद केली, दुसरीची उघडली आणि सहज म्हणाला, “एक टाकी संपली.”

“संपली?” मुंजाजी म्हणाला.

“दुसरी आहे ना.”

धर्मराजला हे बिलकूल आवडलं नाही. खांबपिंपरीत गॅसचा नंबर लावला की टाकी आठवड्याने यायची, आणि तीही गावात. त्याने टाकीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि पुन्हा दोऱ्या धरल्या.

वारा मावळतीला होता आणि फुगा त्याच्या मर्जीने चालला होता. रविराज म्हणाला, की फुगा वर-खाली करता येतो, डावी-उजवीकडे वळवता येत नाही. आता उतरायला मोकळं रान बघावं लागेल, पीक असलेल्यात उतरता येणार नाही. तो खाली न्याहाळत होता. सगळीकडे ज्वारी उभी, हरभरा उभा, ऊस उभा. घरची कर्ती माणसं तोडीला गेल्यामुळे पेराच झाला नव्हता असं एकच रान वाटेत होतं.

“ते मधे बारीक झालेलं दिसतंय ना, ते रिकामं आहे,” रविराजने बोट दाखवलं. “कुणाचं आहे ते?”

“सरकारी,” धर्मराज म्हणाला.

“भुताचं,” मुंजाजी म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हंजे सरकारी हाय, पन भुतं हायेत,” धर्मराजने जुळवून घेतलं. “तिथं नगं. त्या हरबऱ्यात उतरवा. मालक माझा चुलतभाऊ हाय, काई म्हनत न्हाई.”

“हरबऱ्यात कावून? उसात उतरवा,” मुंजाजी उसळून म्हणाला. “मऊ पडंल.”

रविराज म्हणाला, “रिकाम्यातच उतरणार,” आणि त्याने जाळ बंद केला.

इतका वेळ डोक्यावर घरघरणारा आवाज थांबला. अशी शांतता झाली की खालचं कुत्रं भुंकलेलं स्पष्ट ऐकू आलं. ही शांतता धर्मराजच्या ओळखीची होती. पावणे जेवायला बसलेत, आमटीला उकळी फुटायचीय आणि शेगडीतून येतो तो आवाज थांबतो, ती ही शांतता. त्याने वर पाहिलं. जाळ नव्हता. खाली पाहिलं. जमीन वर येत होती.

“साहेब, जाळ कावून इझला?”

“आता बोलू नका. खाली बसा, पाठ टेकवा, गुडघे वाकवा आणि दोऱ्या घट्ट धरा.”

बोलू नका म्हटल्यावर दोघांची खात्रीच पटली. ज्याच्या हातात काही उरलेलं नसतं तो डॉक्टरसुद्धा असंच म्हणतो.

“दुसरी टाकी बी गेली बे,” धर्मराज घोगऱ्या आवाजात म्हणाला. दोघं भाऊ टोपलीच्या तळाशी एकमेकांना चिकटून बसले. लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना बसले होते, त्यानंतर पहिल्यांदाच.

“नारायणगडाला पायी येतो,” धर्मराज डोळे मिटून म्हणाला.

“मी अनवानी येतो,” मुंजाजी म्हणाला. त्याही वेळी त्याला भावाच्या एक पाऊल पुढेच राहायचं होतं.

भिवराबाई समोर मांडी घालून बसली होती. तिने दोघांकडे शांतपणे पाहिलं. “नवस कशापायी करता? जाताना मानसानं कुनाचं ठिवून जाऊ नये. घेतलं असंल त्ये बोलून टाका.”

बाभळीचा एक शेंडा टोपलीला खरखरत घासून गेला. धर्मराजला आपला शेवट डोळ्यांपुढं दिसला, आणि शेवटाच्या पलीकडे उभा असलेला हिशेब घेणाराही दिसला.

“मावशे, तुझ्या रानातलं सहा हात माझ्याकडं आलंय.”

“चालत आलं?”

“न्हाई. मी कोरलं. दर साल हातभर. तू तोडीला गेलीस की.”

“आन मुंजा, तू?”

मुंजाजीने तोंड गुडघ्यांत खुपसलं. “आठ.”

धर्मराज मरणाच्या दारातून परत आला. “आठ? सहा सालात आठ हात?”

“माझ्याकडं ट्रॅक्टर हाय. बैलाचं आन ट्रॅक्टरचं सारखं कसं व्हईल बे?”

तेवढ्यात टोपली एकदा टेकली, हातभर उसळली, पुन्हा टेकली आणि उभी राहिली. उशिरा आलेल्या पाहुण्याने दारात चप्पल काढावी इतक्या हलक्याने सगळं झालं. रविराजने खुशीत हात झटकले.

“वा. महिन्याभरात इतकं चांगलं उतरणं झालं नव्हतं.”

धर्मराजने एक डोळा उघडला. “ग्यास?”

“अजून अर्धी टाकी आहे की. उतरताना बंदच ठेवायचा असतो.”

दोघं भाऊ एकमेकांपासून वीतभर सरकून बसले. मग मुंजाजीने घसा खाकरला. “मावशे, मगाशी जे बोललो त्ये भीतीपोटी. भ्यालेलं मानूस कायबी बोलतंय.”

“मला तर आठवत बी न्हाई,” धर्मराज म्हणाला.

भिवराबाई उठली. तिने काष्टा पुन्हा खोचला, दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलला आणि तो पाय टोपलीच्या काठावरून बाहेर टाकला.

“मावशी, थांबा,” रविराजने घाईने तिचा दंड धरला. “कुणीही उतरायचं नाही. कापडात अजून गरम हवा आहे. एक जरी माणूस उतरलं तरी टोपली हलकी होऊन परत वर जाईल.”

“मंग ते कापड पाड की खाली,” धर्मराज म्हणाला.

“सगळीकडं बाभळी आहेत, काट्यांनी फाटेल. आमची जीप येऊ द्या. चार माणसांनी टोपली धरली की मग एकेकाने उतरायचं.”

भिवराबाई काठावर तशीच बसली, एक पाय आत, एक बाहेर. “म्हंजे मी उतरले तर हे दोघं वर जात्यात?”

“मीपण जाईन, मावशी.”

“तुझं काई बिघडत न्हाई लेकरा. तुला येतंय उडवता.”

दोघा भावांच्या डोक्यात एकाच वेळी एकच विचार आला: आपणच आधी उडी मारावी आणि दुसऱ्याला जाऊ द्यावं. दोघांनी एकाच वेळी एकमेकांची गचांडी धरली. टोपली हलली, फुगा डुलला, आणि भिवराबाईने बाहेरचा पाय आणखी वीतभर खाली सोडला.

“मावशे, आत ये,” धर्मराज काकुळतीला आला. “तुझं रान तुला देतो. शप्पत.”

“शप्पत नगं. लिवून द्या.”

छापील कागद रविराजच्या खिशातच होते. त्यातल्या एकाच्या पाठीवर त्याने भिवराबाईच्या सांगण्याप्रमाणे लिहिलं, की भिवराबाईच्या रानाचे दोन्ही बांध होते तिथे नेऊन घालायचे, मावळतीकडून सहा हात आणि उगवतीकडून आठ हात, चार दिवसांच्या आत. मुंजाजीने सही केली. मग कागद धर्मराजकडे आला.

धर्मराजने पेन हातात घेतलं आणि त्याचा मूळ स्वभाव जागा झाला. त्याने क्षणभर विचार केला आणि कागदावर झोकदार सही ठोकली: ‘सौ. मंजुषा धर्मराज, सरपंच’. ग्रामपंचायतीच्या कागदांवर तीन वर्षं तो हीच सही करत आला होता, ती त्याच्या हाताला स्वतःच्या नावापेक्षा जास्त बसली होती. उद्या कुणी विचारलं तर सांगायला मोकळं, की ही माझी सहीच नाही. आणि जिची आहे ती तर त्या वेळी जमिनीवर होती. मुंजाजीने डोकावून पाहिलं, डाव ओळखला, आणि आपण खरी सही करून बसलो म्हणून कपाळाला हात लावला. भिवराबाईने कागद घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला, पण पाय काही आत घेतला नाही.

जीप आली ती अर्ध्या तासाने. येणारच, कारण तिच्यात कंपनीची चार माणसं आणि गावातली अकरा होती. मंजुषाबाई पुढे बसल्या होत्या, शेजारी हार-शाली मांडीवर घेऊन गावचे तलाठी भाऊसाहेब. कंपनीच्या माणसांनी धावत येऊन टोपली धरली. भाऊसाहेब सत्काराला पुढे झाले, तर भिवराबाईने काठावरूनच कागद काढून मंजुषाबाईंच्या हातात दिला.

मंजुषाबाईंनी तो वाचला. घाईने नाही, अगदी सावकाश, दोनदा. मग भाऊसाहेबांकडे दिला.

“हा तर बांधाचा हुकूम दिसतोय,” भाऊसाहेब म्हणाले. “मुंजाजीरावांची सही आहे. आणि ही?”

“तेच सांगतो, भाऊसाहेब,” धर्मराज टोपलीतून मान वर करून म्हणाला. “ही माझी सही न्हाई. बघा नीट. मी काई लिवून दिलेलं न्हाई.”

“व्हय, त्येंची न्हाई,” मंजुषाबाई म्हणाल्या. “ती माझी हाय.”

धर्मराजला वाटलं, आपल्या कानात अजून फुग्याचाच आवाज आहे. “आगं, तू कुठं व्हतीस इथं?”

“मी नसताना माझी सही व्हत न्हाई का? तीन साल व्हतीय की. मंग ही कुनाची, त्ये तुमीच सांगा भाऊसाहेबांना. बाकीच्या कागदांवरची बी सांगा संगं.”

भाऊसाहेबांनी धर्मराजकडे पाहिलं. मुंजाजीनेही पाहिलं, त्याचा चेहरा एकदम उजळला होता आणि कान टवकारले होते. धर्मराजच्या डोळ्यांपुढून घरकुलाच्या याद्या गेल्या, पाणीपुरवठ्याचे ठराव गेले, रस्त्याची बिलं गेली, आणि एकेका कागदाच्या खाली तीच झोकदार सही. त्यातल्या प्रत्येक कागदाच्या मागे विरोधी पार्टी तीन वर्षं हात धुऊन लागली होती, आणि ती पार्टी आत्ता त्याच्या कोपराला कोपर लावून टोपलीत उभी होती.

“सरपंचाचीच हाय,” धर्मराज म्हणाला.

“म्हणजे हुकूम पक्का,” भाऊसाहेबांनी कागद पिशवीत टाकला.

“मंग उतरते मी,” भिवराबाई म्हणाली, आणि दुसरा पायही बाहेर टाकून आपल्या रानात उतरली.